द ऑफिस सीझन ४ चा डीव्हीडी सेट: 'डिनर पार्टी'साठी घेतला आणि समाधान झालं

'द ऑफिस' या अमेरिकन विनोदी मालिकेचा हा चार डिस्कचा सेट मी फक्त एका एपिसोडपायी घेतला, 'डिनर पार्टी'. एपिसोड तसा मला तोंडपाठ आहे, तो बघायला सेटची गरज नव्हती, मला बघायचं होतं की हे शूट कसं केलं असेल, इतका अवघडल्यासारखा प्रसंग ही मंडळी न हसता निभावतात तरी कशी.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायकल स्कॉट म्हणजे स्टीव्ह कॅरेल, ऑफिसचा बॉस, तो हाताखालच्या जिम आणि पॅम या जोडीला घरी जेवायला बोलावतो, बोलावतो म्हणजे त्यांना नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. घरी त्याची मैत्रीण, तिचं नाव जान, म्हणजे मेलोरा हार्डिन. मांस शिजायला अजून तीन तास आहेत हे पाहुण्यांना आल्यावर कळतं, आणि मग तेवढा वेळ ती दोघं पाहुण्यांसमोरच भांडत राहतात, आधी टोमणे, मग उणीदुणी, मग सरळ आदळआपट. दुसऱ्याच्या घरचं भांडण समोर चालू असताना आपण हातातल्या ग्लासकडे बघत बसतो ना, ते कसंनुसं होणं अख्खा एपिसोडभर चालतं. सुटकाच नाही.

आता सेटमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट, ब्लूपर्स, म्हणजे नटांना हसू फुटून वगैरे फसलेले टेक. मायकल पाहुण्यांना घर दाखवता दाखवता त्याचा दोनशे डॉलरचा प्लाझ्मा टीव्ही दाखवतो, एवढासा टीव्ही, भिंतीवर लावलेला, आणि अभिमानाने सांगतो की हा भिंतीत आत जातो, मग हाताने ढकलून दाखवतो आणि तो जेमतेम काही इंच मागे सरकतो. बस एवढंच. आणि या एवढ्याशा गोष्टीवर जिम झालेल्या जॉन क्रॅसिन्स्कीला हसू आवरतच नाही, टेक जातो, परत घेतात, परत जातो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याच्यासोबत मलाही हसू फुटलं, पण मग लगेच मूळ एपिसोड लावला आणि तोच सीन बघितला, तिथे जिमच्या चेहऱ्यावर काहीच नाही, पाहुणा म्हणून जेवढं चांगलं वाटल्याचं दाखवायचं तेवढंच. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या कोऱ्या चेहऱ्यामागे किती मेहनत आहे. आपल्याला वाटतं जिमचं काम सोपं, नुसतं उभं राहून बघायचं, पण या एपिसोडमध्ये नुसतं बघणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

आणि का अवघड ते पण बघा. जुन्या पद्धतीच्या सिटकॉममध्ये, म्हणजे विनोदी मालिकेत, प्रेक्षक समोर बसलेले असतात, तीन-चार कॅमेरे लावलेले असतात, जोक झाला की लोक हसतात आणि नट तेवढा वेळ थांबतात, म्हणजे अवघडलेपण साचायच्या आत हशा येऊन ते मोकळं करून टाकतो. 'द ऑफिस'मध्ये प्रेक्षक नाहीत, हशाचा ट्रॅक नाही, डॉक्युमेंटरीसारखा हातात धरलेला कॅमेरा. त्यामुळे जान काहीतरी भयंकर बोलते आणि पुढे नुसती शांतता, आणि ती शांतता सेटवर खरोखर धरून ठेवावी लागते, एक जण फिसकन हसला की टेक गेला. कॅमेरा धरणाऱ्यालासुद्धा हसून चालत नाही, हात हलला की फ्रेम हलली. त्यातून तो कॅमेरा थोडा उशिरा वळतो, कोणीतरी बोलून जातं आणि मग कॅमेरा पॅमकडे जातो, जसं आपण त्या खोलीत असतो तर आपली नजर गेली असती. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे आणि मला वाटतं दिग्दर्शक पॉल फीग यांचं या एपिसोडमधलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

गाण्याचा सीन तर वेगळाच. जान तिच्या जुन्या असिस्टंटची, हंटरची सीडी लावते, ते गाणं खास या एपिसोडसाठी बनवलेलं आहे, आणि ती त्यावर एकटीच डोलायला लागते. मेलोरा हार्डिनने इथे एक टक्कासुद्धा विनोद करायचा प्रयत्न केलेला नाही, ती खरंच त्या गाण्यात हरवलेली आहे, आणि म्हणूनच बाकीच्यांनी कुठे बघायचं हा प्रश्न पडतो. तिच्या कामाचं पुरेसं कौतुक झालं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तक्रार. ब्लूपर्स सगळ्या सीझनचे एकत्र आहेत, त्यामुळे या एपिसोडचे तुकडे मधूनमधून शोधत बसावं लागतं. आणि मला जी गोष्ट सविस्तर हवी होती, या स्क्रिप्टमागची हकिगत, ती मला मुलाखतींमधूनच वाचावी लागली. स्क्रिप्ट ली आयझनबर्ग आणि जीन स्टुपनित्स्की या दोघांची, ती स्क्रिप्ट फार डार्क आहे असं चॅनलकडून मालिकेची सूत्रं सांभाळणाऱ्या ग्रेग डॅनियल्सना सांगण्यात आलं आणि ते म्हणाले हो, आहेच डार्क, विषय संपला. मूळ लिखाणात तर जानच्या गाडीखाली शेजाऱ्यांचा कुत्रा येतो असं होतं, ते काढलं आणि बरं केलं, कारण त्यानंतर जानबद्दल काहीच वाटलं नसतं, आता निदान तिची दया येते. 

शिवाय नेमका हॉलिवूडच्या लेखकांचा संप आला. एपिसोडचं वाचन झालं होतं, शूटिंग सुरू व्हायचं होतं आणि ५ नोव्हेंबर २००७ ला संप सुरू. कॅरेल स्वतः लेखकांच्या गिल्डचा, म्हणजे संघटनेचा मेंबर, तो कामावर आलाच नाही, आणि तो नाही म्हणजे मायकल नाही, म्हणजे शूटिंग बंद. संप १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला आणि एपिसोड १० एप्रिलला लागला, त्याच्या आधीचा एपिसोड नोव्हेंबरमधला. इतके महिने सगळ्यांना माहीत होतं की ही स्क्रिप्ट पडून आहे. मुख्य नट लेखकांच्या बाजूने असा उभा राहतो आणि परत आल्यावर त्याच लेखकांची स्क्रिप्ट इतक्या जीव तोडून करतो, याबद्दल मला कॅरेलचा मनापासून आदर वाटतो.

घ्यावा का? ज्याला सिटकॉम नुसतं बघायला आवडतं त्याला सेटची गरज नाही, पण ज्याला लिहायचंय, ॲक्टिंग करायचीय, एडिटिंग शिकायचंय त्याने जरूर घ्या, सीझन संपामुळे छोटा आहे तरीही घ्या. कापलेले सीनसुद्धा बघा, काय ठेवलं आणि काय टाकलं यावरून बरंच कळतं. फक्त क्रम पाळा, आधी एपिसोड, मग ब्लूपर्स, मग परत एपिसोड, आणि दुसऱ्या वेळी मायकल टीव्ही ढकलतो तेव्हा टीव्हीकडे बघू नका, जिमकडे बघा.