पंचायतीचं फुकट वाय-फाय की दुकानातलं दहा रुपयांचं?

शेजारच्या ग्रामपंचायतीचे दोन सदस्य परवा घरी येऊन गेले. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतले थोडे पैसे त्यांच्याकडे शिल्लक आहेत आणि गावासाठी इंटरनेटची सोय करायचं घाटतंय. पंचायत कार्यालयात सगळ्यांसाठी फुकट वाय-फाय बसवावं, की नाक्यावरच्या दुकानदाराला पीएम-वाणीतून, म्हणजे दुकानातून वाय-फाय विकायच्या केंद्राच्या योजनेतून, हॉटस्पॉट काढायला लावावा, यावर त्यांचं घोडं अडलंय. आमच्या गावाने दोन्ही करून पाहिलंय. पहिल्याच्या बाजूने ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत मीही होतो. चहा पिता पिता त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

घरोघरच्या फायबरची तुलना करत नाही. महिन्याला 399 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 471 रुपये ज्यांना झेपतात त्यांनी ते घेतलंच आहे. प्रश्न उरलेल्यांचा. आमच्याकडे उरलेले म्हणजे वरची धनगरवाडी, बौद्धवाडीतली निम्मी घरं आणि ज्यांचं मुंबईला कोणी कमावतं नाही अशी म्हातारी माणसं.

आता सरकारी बाजू. 2011 साली मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाणारी, गावोगाव फायबर केबल नेणारी योजना मोजत होती ग्रामपंचायती. घाटावर ते चालून जातं, तिथे गावठाण एकवट असतं. कोकणात एका पंचायतीखाली पाच वाड्या, मध्ये दोन पऱ्हे (ओढे) आणि एक सडा (कातळाचं पठार). केबल कार्यालयापर्यंत आली की कागदावर गाव जोडलं गेलं, धनगरवाडी मात्र तिथून तासाभराच्या चालीवर. ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात पंचायतीबाहेरच्या गावांनाही मागणीनुसार जोडायचं म्हटलंय, आणि एका बाजूने केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहावं म्हणून ती गोल फिरवून आणायची आहे. हा पैसा ज्या निधीतून येतो, पूर्वीचा यूएसओएफ आणि आताचा डिजिटल भारत निधी, त्यात दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे 5 टक्के जमा होतात. म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधलेच. त्यामुळे पंचायतीचं वाय-फाय ‘फुकट’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. पैसे आधीच दिलेले आहेत, इतकंच.

तरी ते चांगलं होतं, हे कबूल करतो. ना ॲप, ना कूपन, पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला. वेग मी कधी मोजला नाही. सरकारच्या व्याख्येत आता 2 एमबीपीएसपासून पुढे ब्रॉडबँड, जानेवारी 2023 पर्यंत तर 512 केबीपीएसलाही तो मान होता, तेव्हा त्या आकड्यांवरून फारसं कळतही नाही. पण बारावीच्या निकालाच्या दिवशी ओटीवर पंधराएक पोरं होती आणि सगळ्यांचे निकाल दुपारच्या जेवणाआधी उघडले, एवढं मला आठवतं. दुकानातल्या लाइनचं तसं नाही. संध्याकाळी मॅच असली की ती रांगते.

मग मी का फिरलो? किल्लीमुळे.

कार्यालयाच्या किल्ल्या दोन. एक ग्रामसेवकांकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), दुसरी शिपायाकडे. भाऊसाहेबांकडे तीन पंचायतींचा भार, आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. माणूस वाईट नाही, त्यांना तरी किती ठिकाणी पुरे पडणार? पण वाय-फायची पेटी कुलपाच्या आत. चालू असली तर ओटीवर, पारापर्यंत रेंज येते. बंद पडली की बंद. आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून चार वेळा जाते, येताना झटका देऊन येते.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैतला शनिवार. धनगरवाडीतली एक मुलगी कॉलेजप्रवेशाचे पर्याय भरायला खाली आली होती. शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचची मुदत. फोनमध्ये रिचार्ज होता, पण आमच्या खोलगटात रेंज नाही. कार्यालयाला कुलूप. भाऊसाहेब तालुक्याला प्रशिक्षणात, शिपाई सासुरवाडीला लग्नात. खिडकीच्या गजांतून आत पाहिलं तर समोरच्या भिंतीवर एमसीबीची, म्हणजे झटका बसला की वीज तोडणाऱ्या स्विचची, कळ खाली पडलेली दिसत होती. आठ-नऊ फुटांवर. वर ढकलली असती की काम झालं असतं. कोणीतरी आंबे काढायची घळ आणली. चौघांनी आळीपाळीने ती गजांतून आत घालून त्या कळीशी झटापट केली. घळीचं टोक एमसीबीच्या प्लास्टिकच्या झाकणावर नुसतं टकटक करत राहिलं. सव्वाचारला मी स्कूटर काढली, तिला मागे बसवून पावसात सड्यावर नेलं आणि माझा रेनकोट दोघांच्या डोक्यावर धरून फॉर्म भरला. तिला प्रवेश मिळाला. पण सरपंच, सदस्य, लाइन, पैसे सगळं असताना एका कळीसाठी घळ घेऊन उभं राहावं लागलं, ते काही डोक्यातून जाईना.

तिसरी किल्ली करून घ्या, पेटी बाहेर बसवा, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हटलं होतं. बाहेर बसवली तर चोरीची जबाबदारी कोणाची, यावर दोन मासिक सभा झाल्या.

पीएम-वाणीला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली 9 डिसेंबर 2020 ला. कल्पना आपल्या ओळखीचीच आहे: पूर्वीच्या एसटीडी-पीसीओसारखी. दुकानदाराला परवाना लागत नाही. आमच्या दुकानदाराच्या वडिलांनी त्याच जागी पिवळा बूथ चालवला होता, त्यामुळे त्याला फार समजवावं लागलं नाही. दुकान सकाळी सातला उघडतं, रात्री नऊला बंद होतं. काट्यासाठी आणि दिव्यासाठी इन्व्हर्टर आहेच, त्यावरच राउटर. लाइन बंद पडली तर त्याचं कूपन विकलं जात नाही, म्हणून तक्रारीचा फोन तोच करतो, आणि उचलेपर्यंत करतो.

कटकटी आहेत. पहिल्यांदा ॲप उतरवायला इंटरनेट लागतं आणि नोंदणीला ओटीपी. ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांच्यासाठीच्या सोयीला रेंज लागते, हे कोणी ठरवलं देव जाणे. आमचे लोक ओटीपी यायला रस्त्यावरच्या मोरीपर्यंत चालत जातात आणि आला की पळत दुकानात येतात. एकदाच करावं लागतं, पण म्हाताऱ्यांना ते एकदाही जमत नाही, दुकानदाराची बायको करून देते.

दिवसाचं कूपन दहा रुपयांना. रोज घेतलं तर महिन्याचे तीनशे होतात, त्यापेक्षा दोन घरांनी मिळून फायबर घ्यावं. पण रोज कोण घेतो? ई-केवायसी, शिष्यवृत्ती, ई-पीक पाहणी, मुंबईच्या नातवाचा व्हिडिओ कॉल, महिन्यातून चार-पाच वेळा. तेही वहीत चहापावडर आणि साबणाच्या खाली मांडून ठेवता येतं. बायकामुलींचंही एक आहे. पंचायतीच्या ओटीवर संध्याकाळी पोरांचा अड्डा असायचा, तिथे त्या फिरकत नसत. दुकानात त्या जातातच.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी पाहुण्यांपासून लपवली नाही. पंचायत सगळ्यांची असते, दुकान एकाचं. भावकीत वाद झाला, पालखीवरून वाड्यांचं बिनसलं, की माणूस त्या दुकानाची पायरी चढत नाही, किंवा त्याला चढवत नाहीत. यावर आमच्याकडचा तोडगा एवढाच, की परवाना नसल्यामुळे दुसरा हॉटस्पॉट कोणीही काढू शकतो. बौद्धवाडीत बचत गटाच्या शिलाई केंद्रात तो निघाला. पूर्वी हे जड गेलं असतं, कारण कंपन्या अशा हॉटस्पॉटवाल्यांना महागडी लीज्ड लाइन (एकट्यासाठी राखीव जोडणी) घ्यायला सांगत. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला: 200 एमबीपीएसपर्यंतची घरगुती लाइन त्यांना द्यायची, आणि दर घरगुतीच्या दुपटीहून जास्त नको. शिलाई केंद्राचं गणित त्यानंतरच बसलं. एरवी या योजनेचं कौतुक करायला मी धजणार नाही. 2018 च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात 2022 पर्यंत एक कोटी हॉटस्पॉट लिहिले होते, 2025 उजाडलं तरी आकडा काही लाखांतच होता.

तुमच्या गावठाणात कार्यालय रोज उघडत असेल, ग्रामसेवक तिथेच राहत असतील, तर पंचायतीचं फुकट वाय-फाय बसवाच, मी नाही म्हणणार नाही. आमच्यासारखं असेल तर मी आधी दुकानदाराशी बोलेन.

पाहुण्यांनी विचारलं, मग निधीचं काय करायचं? दुकानदाराला पैसे देता येत नाहीत, ऑडिटला अडकतं. आम्ही धनगरवाडीच्या शाळेपर्यंत अकरा खांब उभे केले: खांब पंचायतीचे, केबल फायबरवाल्या पोराची. त्यातले दोन गेल्या पावसात कलले आहेत आणि एकाला रोज कोणाची तरी बकरी बांधलेली असते. ते सरळ कोणी करायचे, यावर येत्या मासिक सभेत विषय आहे.