कॅरॅमल सफरचंदांसाठी घेतलेला डिजिटल थर्मामीटर

राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून हा सळईवाला थर्मामीटर घेतला, तो मुलांसाठी घरी कॅरॅमल सफरचंदं करायची म्हणून. आधी उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला. ९८ अंश. अगदी बरोबर, कारण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे पाणी शंभराच्या आतच उकळतं. म्हणून कृतीत ११८ लिहिलं असेल तर मी ११६ लाच गॅस बंद करते.

खरी कसोटी कढईत. तांबूस झालेल्या साखरेत लोणी आणि क्रीम घातलं की आकडा बराच वेळ शंभराच्या आसपास रेंगाळतो, मग पाणी आटलं की भराभर चढतो. तिथे हा दोन-तीन सेकंदांत आकडा दाखवतो, हे फार मोलाचं. थोडं कमी पडलं तर कॅरॅमल ओघळून ताटात थारोळं होतं, जास्त झालं तर दातांना चिकटून बसतं. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून गोळी बघायची आईची पद्धत मला आजही आवडते, पण तेवढ्या वेळात पाक पुढे जातो. सळईचं टोक तळाला टेकू देऊ नका, आकडा चढा येतो.

आणि सफरचंदं मेण लावलेली असतील तर गरम पाण्यातून काढून खसखसून पुसाच, नाहीतर थर घसरतो.

खोट एकच: कढईच्या काठाला अडकवायचा चिमटा नाही. वाफेत हात धरून उभं राहावं लागतं. या किमतीत तो द्यायलाच हवा होता.