रेकॉर्डर ते कॉम्प्युटर ते प्लेयर: आठ महिन्यांची ने-आण

बाबांची नजर कमी झाल्यापासून मी त्यांना पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देतो. वाचन हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर होतं, काटछाट कॉम्प्युटरवर, आणि तयार प्रकरणं जातात बटणांच्या एका लहानशा प्लेयरमध्ये. दोन्ही वस्तू घेताना मी आवाजाचा दर्जा, बॅटरी, माइक सगळं पाहिलं. फाइल आत-बाहेर कशा होतात हे मात्र पाहिलं नाही. आठ महिन्यांत खरा वेळ गेला तो तिथेच.

पहिले दोन दिवस केबलने खाल्ले. प्लेयर लावला की चार्जिंगचं चिन्ह यायचं, पण कॉम्प्युटरवर ड्राइव्ह काही दिसायचा नाही. ड्रायव्हर शोधले, पोर्ट बदलले, मशीन दोनदा रीस्टार्ट केलं. शेवटी कळलं की हाताशी होती ती नुसती चार्जिंगची केबल, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. चांगल्या केबलवर आता चिकटपट्टी लावून खूण केली आहे. रेकॉर्डरची तऱ्हा वेगळी. तो जोडल्यावर विचारतो, कार्ड रीडर व्हायचं की कॉम्प्युटरचा माइक? चुकून दुसरा पर्याय दाबला तर फाइल दिसत नाहीत आणि आपण उगाच घाबरतो.

घाईत एक गोष्ट मी लवकर सोडून दिली: रेकॉर्डरमधून केबलने फाइल काढणं. खोक्यावर यूएसबी २.० लिहिलंय, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात एक जीबीला तीन-चार मिनिटं लागायची. कार्ड काढून रीडरमध्ये घातलं की तेच काम मिनिटाच्या आत होतं. तोटा एवढाच की कार्डावरचं रबरी झाकण आता सैल पडलंय.

सुरुवातीला हौसेने रेकॉर्डिंगचा दर्जा चढा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवला होता. तासाला जवळजवळ एक जीबी! एकदा बंद न करता वाचत बसलो, तर दोन तासांच्या जरा पुढे रेकॉर्डरने आपणहून नवी फाइल सुरू केली. माझा रेकॉर्डर २ जीबीला फाइल तोडतो. फॅट३२ची, म्हणजे कार्डावर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीची, मर्यादा एका फाइलला ४ जीबीची असते, साध्या वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइलचीही तेवढीच. तोडलेले तुकडे एकमेकांना जोडले तर मध्ये शब्द गळत नाही, हे मी हेडफोन लावून तपासलं. पण एका माणसाच्या वाचनाला एवढा थाट कशाला? आता ४४.१, १६ बिट, मोनो. तासाला तीनशे-सव्वातीनशे एमबी. प्लेयरसाठी त्याची ६४ केबीपीएसची एमपी३ करतो, ती तासाला तीस एमबीच्याही आत बसते. बाबांना फरक कळलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

आता प्लेयर. यंत्र म्हणून तो झकास आहे, बटणं मोठी, आवाज खणखणीत. पण क्रम! एका कादंबरीची तेवीस प्रकरणं होती. सातव्यात माझा घसा बसलेला होता, म्हणून ते पुन्हा वाचायला ठेवलं आणि बाकीची भरून दिली. दोन दिवसांनी सातवंही टाकलं. आठवड्याने बाबा विचारतात, "अरे, तो बाराव्या प्रकरणात मेला होता ना? मग शेवटी पुन्हा गप्पा मारत कसा बसलाय?"

फाइलला ०७ असं नाव होतं, कॉम्प्युटरवर ती बरोबर सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये दिसत होती. पण हा प्लेयर नावं बघतच नाही. फॅटच्या यादीत नोंदी ज्या क्रमाने पडल्या त्याच क्रमाने तो वाजवतो, म्हणजे जी फाइल आधी कॉपी झाली ती आधी. कॉम्प्युटर आपल्याला नावानुसार लावून दाखवतो म्हणून ही गोम लक्षातच येत नाही. यावर फॅटसॉर्ट नावाची छोटी प्रणाली आहे, ती नोंदीच नावाप्रमाणे लावून देते. मी मात्र साधा मार्ग धरलाय: जुना फोल्डर पुसायचा, नवा करायचा आणि सगळी प्रकरणं पहिल्यापासून पुन्हा टाकायची. ओढून टाकताना पहिल्या फाइललाच धरायचं. शेवटची धरून ओढली तर विंडोज तिच्यापासूनच सुरुवात करतो.

एकदा भाचीच्या मॅकवरून भरलं. मग दर प्रकरणाआधी प्लेयर क्षणभर अडखळून 'फाइल चुकीची' म्हणायचा. मॅक फॅट पद्धतीच्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची एक जोडफाइल ठेवू शकतो, नाव टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारं. मॅकवर ती लपलेली असते, प्लेयरला मात्र ती गाणंच वाटते. पुसली, विषय संपला. देवनागरी नावांच्या जागी पडद्यावर चौकोन येतात. ही तक्रार मी मोठ्या तावातावाने लिहिणार होतो, पण बाबांना तो पडदा दिसतच नाही.

नुकसान एकदाच झालं, आणि तेही माझ्या हाताने. कार्डावरून 'कट' करून 'पेस्ट' केलं आणि मध्येच रीडरला धक्का लागला. एक प्रकरण अर्धं इकडे आलं, आणि मी पडताळून न पाहता कार्ड फॉरमॅट केलं. तेव्हापासून फक्त कॉपी. मग प्रत्येक फाइलचं शेवटचं मिनिट ऐकायचं, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवायची, आणि त्यानंतरच कार्ड रिकामं करायचं, तेही रेकॉर्डरमधूनच. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून इजेक्ट न करता ड्राइव्ह काढला तरी सहसा चालतं. मी तरीही इजेक्ट करतो.

रेकॉर्डर पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन. प्लेयर मात्र दुसरा बघेन, कारण त्याची एक खोड अजून सुटलेली नाही. ऐकणं जिथे थांबलं ती जागा तो लक्षात ठेवतो, पण कॉम्प्युटरला जोडून एक जरी नवी फाइल टाकली की यादी नव्याने बनवतो आणि जागा विसरतो. म्हणून केबल लावण्याआधी मी बाबांना विचारतो, "कुठपर्यंत आलात?" ते प्रकरण आणि अंदाजे मिनिटं सांगतात, मी कागदावर टिपून घेतो. परवा म्हणाले, "चौदावं, पण मधे झोप लागली होती. तेरापासूनच लाव."