जवानाच्या नावाने आलेली ऑर्डर

अनोळखी नंबरवरून फोन येतो. ‘जय हिंद मॅडम, आर्मी से बोल रहा हूँ’ म्हणत पलीकडचा माणूस तुमच्या मालाची मोठी ऑर्डर देतो आणि भावात एक रुपयाही कमी करा म्हणत नाही. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा, की घासाघीस न करणारं घाऊक गिऱ्हाईक या मुंबईत अजून जन्माला यायचंय.

आम्ही कुलाब्याला नेव्ही नगरात राहतो. आमचे हे नौदलात आहेत, वर्षातले कितीतरी दिवस सेलिंगवर. दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग बदलतं, त्यामुळे बायकोची नोकरी नीट रुजायच्या आत सुटते. माझी शाळेतली नोकरी अशीच विशाखापट्टणमला राहिली. मग ठरवलं की सामानाच्या ट्रकात बसेल असाच धंदा करायचा. शिलाई मशीन, कात्री, गुळेदगुडच्या खणांचं गाठोडं. खणाची तोरणं, पाउच, बाप्पाची उपरणी शिवते. साधं कापड मंगळदास मार्केटातून, लेस आणि मण्यांच्या लडी भुलेश्वरहून. माल खपतो, कारण इथे बदलीवर आलेल्या परप्रांतातल्या वहिनींना महाराष्ट्राची आठवण म्हणून न्यायला असं काहीतरी हवंच असतं.

अडचण गिऱ्हाइकाची असते. नव्या गावात ओळख शून्य, आणि आमच्या गेटमधून बाहेरचं माणूस पासशिवाय आत येत नाही. दुकानाची पाटी लावणार कुठे? म्हणून फोटो आणि मोबाइल नंबर जिथे जमेल तिथे टाकायचा. धंद्याचा नंबर चारचौघांत उघडा ठेवावाच लागतो, आणि हे लोक तो तिथूनच उचलतात.

गणपतीच्या आधी हा फोन आला. कुलाब्याच्याच एका युनिटमध्ये सुभेदार आहे, सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांच्या मॅडमनी लेडीज मीटला द्यायला पाउच मागवलेत, खणाचेच हवेत, रंग तुम्ही ठरवा. बोलण्यात मेस, मूव्हमेंट, ड्यूटी हे शब्द अगदी जिथल्या तिथे. मागे कुठेतरी शिट्टीचा आवाजही. एकूण रक्कम १८,४००. निम्मे पैसे आत्ता, निम्मे माल नेताना. मी काही विचारायच्या आतच व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचा फोटो आला, पाठोपाठ कॅन्टीन कार्ड, आधार, आणि गणवेशातला एक फोटो.

त्या ओळखपत्राबद्दल जरा थांबून सांगते. फोटो तिरका काढलेला, वर लॅमिनेशनची चमक, त्यामुळे क्रमांक अर्धवट दिसत होता आणि चेहरा मात्र स्वच्छ. कार्ड बहुधा खऱ्याच कुणा जवानाचं असणार. तोही बिचारा असाच कुठेतरी लुबाडला गेलेला, त्याची कागदपत्रं आता दारोदार फिरतायत. पण खरी गंमत वेगळीच आहे. फौजीच्या घरात पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की ओळखपत्राचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. आमच्या ह्यांनी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मलासुद्धा पाठवलेला नाही. म्हणजे जो पुरावा म्हणून पुढे केला जातो, तोच माणूस खोटा असल्याचा पुरावा. ही गोष्ट ज्यांच्या घरात कुणी फौजेत नाही त्यांना ठाऊक नसते, आणि ज्यांच्या घरात आहे त्यांना वर्दी दिसली की आपलंच माणूस वाटतं. दोन्हीकडून त्याचंच फावतं.

मग म्हणाला, ‘हमारा पेमेंट अकाउंट्स डिपार्टमेंट से होता है, तरीका थोड़ा अलग है.’ आधी तुम्ही १ रुपया पाठवा, आमच्याकडून २ येतील. पाठवला, आणि खरंच २ आले. आख्ख्या नाटकातली सगळ्यात हुशार चाल हीच. एका रुपयाच्या भांडवलावर त्याने विश्वास विकत घेतला.

त्यानंतर क्यूआर आला. चौकटीच्या वर तिरंगा, खाली मोठ्या अक्षरात ‘९,२०० रुपये प्राप्त करें’. फोन स्पीकरवर ठेवा, मी सांगतो तसं करत जा, साहेब लाइनवर आहेत, जल्दी कीजिए. स्कॅन केल्यावर पडद्यावर कुणा भलत्याचंच नाव आलं, त्याखाली रक्कम आणि त्याखाली ‘पे’चं बटण. नाव कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाला, अकाउंट्सच्या क्लार्कचं. पिन टाकला, ९,२०० गेले. ‘मॅडम, उलटी एंट्री हो गई, दोबारा स्कॅन कीजिए, दोनों साथ में रिवर्स होंगे.’ दुसऱ्यांदा तेवढेच गेले. तिसऱ्या क्यूआरला समोरच्या वहिनी माप घ्यायला म्हणून दारात आल्या, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातून फोनच काढून घेतला. पलीकडून तोपर्यंत ‘जय हिंद’च्या जागी शिव्या सुरू झाल्या होत्या.

आता त्या चौकटीत असतं काय ते सांगते, कारण हे कळलं की पुढची सगळी बडबड ऐकायची गरजच उरत नाही. क्यूआरमध्ये पैसे ज्याला जाणार त्याचा यूपीआय पत्ता, त्याचं नाव आणि फार तर रक्कम. बस. तिरंगा, ‘प्राप्त करें’, शिक्का हे सगळं बाहेरून चिकटवलेलं. भाजीवाला गाडीला क्यूआर लटकवतो तो पैसे घेण्यासाठी. तुम्ही दुसऱ्याचा क्यूआर स्कॅन केला म्हणजे तुम्ही देणार. यूपीआयवर पैसे यायला पिन लागतच नाही, कधीच नाही. एका माणसाने दुसऱ्याला पैशांची मागणी पाठवायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, १ ऑक्टोबर २०२५पासून बंद केली, तिच्या जिवावरही बऱ्याच जणांना फसवलं जायचं. क्यूआरची युक्ती मात्र त्याने थांबत नाही.

वहिनींनी तिथल्या तिथे १९३० लावायला लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. तिथे विचारतात तो व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक म्हणजे यूटीआर, कुठल्या बँकेतून गेले, किती वाजता. हे हाताशी ठेवूनच फोन करा, शोधाशोधीत मिनिटं जातात आणि चोराला तीच हवी असतात. त्यांच्याकडून बँकांना सूचना जाते आणि पैसा ज्या खात्यात असेल तिथे अडवला जातो. माझे ६,००० दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात अडकले. बाकीचे तोवर एटीएममधून निघालेले. अडकलेले परत मिळवायला केलेला अर्ज अजून चालू आहे.

बँकेत गेले तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकावर बोट ठेवलं. बँकेची चूक असेल, किंवा तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही वेळेत कळवलं, तर नुकसान तुमचं नाही. पण गुप्त माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. पिन मी टाकलेला, त्यामुळे दार बंद. मला हे पटत नाही. फसवून टाकून घेतलेला पिन आणि बेफिकिरीने वाटलेला पिन एकाच पारड्यात कसे? पण माझ्या वेळी तरी नियम तसाच लागला.

हे सेलिंगवरून परत आल्यावर पहिल्यांदा हसले आणि मग चिडले, माझ्यावर नाही, त्या गणवेशातल्या फोटोवर. म्हणाले, युनिटची खरेदी म्हणजे कोटेशन, बिल, सह्या; पैसे मिळायला लागलाच तर उशीर लागतो. आगाऊ पैसे द्यायची एवढी घाई सरकारात कुणाला असते?

एकदा फसलेल्याचा नंबर पुढे विकला जातो की काय कोण जाणे, पण नंतर फोन वाढले. एकजण ‘सायबर सेल’मधून, गेलेले पैसे सोडवून देतो, २,००० प्रोसेसिंग भरा म्हणून. एकजण उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून देतो, सरकारी फी आहे म्हणून. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन हाताशी असलं की घरबसल्या. माझी मी स्वतःच केली.

आता माझा क्यूआर मी पाठवते, गिऱ्हाइकाचा घेत नाही. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम आली आणि ‘चुकून गेली, उरलेली या दुसऱ्या नंबरवर परत करा’ म्हणाले, तर करत नाही; बँकेला कळवते. तो पैसा आणखी कुणाचा तरी चोरलेला निघाला तर तुमचंच खातं गोठतं, मग भुलेश्वरच्या लेसवाल्यालाही द्यायला पैसे उरत नाहीत.

पैसे गेले असतील तर आधी १९३०, मग cybercrime.gov.in या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. नुसताच फोन आला आणि तुम्ही वाचलात, तरी नंबर ब्लॉक करून गप्प बसू नका. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर ‘चक्षू’ म्हणून सोय आहे, तिथे तो नंबर आणि मेसेजचा स्क्रीनशॉट टाका. ओळखपत्राचा आलेला फोटो मात्र ‘बघा हा चोर’ म्हणून ग्रुपवर फिरवू नका, त्यावरचा चेहरा त्या बिचाऱ्या जवानाचा असतो.