दशावतार की कांतारा : गावी आल्यावर आधी कोणता लावाल?

मुंबईहून गावी येणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. चार दिवस राहणार, त्यातले दोन पाहुणचारात आणि देवळात जाणार, उरलेल्या एका संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी मिळून काय बघावं? ‘दशावतार’ की ‘कांतारा’? मी कुडाळच्या बाजूचा, सिनेमे आवडीने बघतो आणि त्यावर तितक्याच आवडीने लिहितो, म्हणून विचारणारे माझ्यापर्यंत येतात. आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. घरात मालवणी बोलणारी म्हातारी माणसं असतील तर डोळे झाकून ‘दशावतार’ लावा. घरात कॉलेजची पोरं, मोठा टीव्ही आणि बऱ्यापैकी स्पीकर असेल तर ‘कांतारा’, पण त्यातला कोणता भाग आधी बघायचा यावर माझं मत जरा वेगळं आहे. ते पुढे येईलच.

दोन्ही चित्रपट वीस दिवसांच्या अंतराने आले. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ ला आणि ऋषभ शेट्टीचा ‘कांतारा : चॅप्टर १’ २ ऑक्टोबरला. एक सिंधुदुर्गातला, दुसरा याच किनाऱ्याने गोवा-कारवार ओलांडून खाली गेलं की लागणाऱ्या कर्नाटकातल्या तुळुनाडूतला. दोन्हींत रंगवलेले चेहरे, जंगल, देव आणि जमिनीवर डोळा ठेवून असलेली माणसं. त्यामुळे लोक ‘दशावतार’ला मराठीतला कांतारा म्हणू लागले. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही, आणि निवड करण्याआधी ते का पटत नाही हे समजून घेतलंत तर तुमचं अर्धं काम होईल.

दशावतार हे आमच्याकडचं लोकनाट्य, म्हणजे मुळात नाटक आहे. त्यात देव येतात, आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, गणपती येतो तेव्हा प्रेक्षक हातही जोडतात, पण पडद्यामागे गेल्यावर विष्णू चहा मागतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. संवाद जागेवर रचलेले, साथीला पायपेटी, मृदुंग आणि झांज, मंचावर एक बाकडं. तेच बाकडं सिंहासन होतं, तेच डोंगर होतं. तुळुनाडूतला भूतकोला हे अनुष्ठान आहे. तिथे अंगात दैव, म्हणजे तिथली राखण करणारी देवता, येतं, ते बोलतं, तंट्यांचा निवाडा करतं आणि गाव ते ऐकतं. आपल्याकडे त्याच्या जवळचं काही शोधायचं तर ते दहीकाल्याच्या, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या, मंचावर सापडणार नाही. ते सापडेल देवळातल्या तरंगांत, म्हणजे देवाच्या सजवलेल्या खांबांत, अवसारात, म्हणजे अंगात येण्यात, कौल लावताना घातलेल्या गाऱ्हाण्यात, गावच्या सीमेवरच्या राखणदार देवात. ‘कांतारा’ बघताना माझी आई मध्येच हात जोडून बसली होती. तिला त्यात राखणदार दिसला होता. ‘दशावतार’ बघताना तिने हात जोडले नाहीत, ती रडली. दोन चित्रपटांतला फरक मला यापेक्षा नेमका सांगता येणार नाही.

आता ‘दशावतार’. बाबुली मेस्त्री हा वय झालेला दशावतारी, दृष्टी मंदावत चाललेली, आणि बापाने आता थांबावं असं म्हणणारा मुलगा माधव. मध्यंतरापर्यंतची ही बाप-लेकाची गोष्ट गेल्या काही वर्षांतल्या मराठी चित्रपटांत मला सर्वांत जास्त भावलेली गोष्ट आहे. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे चित्रपट आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. ‘हसवाफसवी’त एकाच नाटकात सहा भूमिका करणारा हा नट. सोंग बदललं की आवाज, मान, चाल सगळं कसं बदलतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण इथे त्यांनी केलं आहे ते याहून अवघड. सोंग उतरल्यावर जो माणूस उरतो, त्याच्या अंगात ते सोंग थोडं शिल्लक कसं राहतं, हे ते दाखवतात. साध्या कपड्यातला बाबुली वाकलेला, चाचपडणारा. वेश चढला की त्याचे खांदे आपोआप मागे जातात.

हे खरं असतं म्हणून सांगतो. जत्रेच्या रात्री देवळाच्या मागे किंवा शाळेच्या वर्गात तोंड रंगवायला बसलेला राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, बघा. तळहाताएवढा आरसा गुडघ्याला टेकवलेला, शेजारी सफेद्याची डबी, पानसुपारी चालू, गप्पा चालू, उद्याचा प्रयोग कुठल्या गावात यावर वाद चालू. मग भुवई ओढायची वेळ येते. तेवढ्या वेळात तो बोलत नाही, श्वासही रोखून धरतो. दुसरी भुवई पूर्ण झाली की समोर बसलेला माणूस मघाचा नसतो, आणि त्याला कोणी नावाने हाक मारली तर वळायलाही क्षणभर उशीर करतो. यातले अनेकजण दिवसा शेती-बागायती किंवा मजुरी करतात आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत रात्री जागवतात. बाबुलीच्या व्यक्तिरेखेत ही सगळी ओढाताण आहे. सिद्धार्थ मेननचा माधव बापावर चिडतो तेही प्रेमापोटी, आणि दोघांमधली शांतता दिग्दर्शकाने भरून काढण्याची घाई केलेली नाही. खानोलकरांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट आहे हे लक्षात घेतलं तर हा संयम कौतुकाचा आहे.

भाषेबद्दल. गुरू ठाकूरांनी लिहिलेले संवाद मालवणी वळणाचे आहेत, पण पुण्या-नाशिकच्या प्रेक्षकाला अडखळायला होणार नाही इतपत मवाळ केलेले. आमच्या वाडीत कुणी इतकी सोज्वळ मालवणी बोलत नाही. तरीही चित्रपटगृहात ‘आवशीचो घो’ गाणं सुरू झालं तेव्हा उठलेला आवाज मी विसरणार नाही. आपली बोली बहुतेक वेळा नाटक-सिनेमात गड्याच्या तोंडी हसण्यापुरती असते. इथे नायक त्या बोलीत दुःख करतो, आणि प्रेक्षक हसत नाहीत.

मध्यंतरानंतर काय होतं ते सांगत नाही, पण चित्रपट सूडाच्या वाटेला लागतो आणि तिथे माझी तक्रार सुरू होते. खलनायक मंडळी फार सरळधोट आहेत. आली की वाईटच बोलणार. काही संगणकी दृश्यं कच्ची आहेत आणि पार्श्वसंगीत इतकं भरलेलं आहे की मृदुंगाला जागाच उरत नाही. मोठी तक्रार चित्रपटातल्या खाणीच्या प्रश्नाबद्दल आहे. रेडी आणि कळणे ही सिंधुदुर्गातल्या खाणींच्या गावांची नावं आमच्यासाठी नुसती बातमीतली नाहीत. त्या बाजूने जाताना झाडांच्या पानांवरची लाल धूळ आम्ही बघितली आहे. चित्रपट हा प्रश्न हातात घेतो याचा मला मनापासून आनंद आहे. पण कोकणात जमीन जाते ती बहुतेक वेळा गुंडगिरीने जात नाही. सामायिक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातला एखादा वीस वर्षं गावी न आलेला चुलत भाऊ सही करतो, मग दुसरा करतो, आणि उरलेल्यांना काय झालं ते कळेपर्यंत कुंपण पडलेलं असतं. घरातल्या घरात फुटणारी ही वाट दाखवली असती तर उत्तरार्धही पूर्वार्धाइतकाच बोचला असता. सगळा दोष बाहेरच्यांवर टाकल्याने आपण प्रेक्षक जरा स्वस्तात सुटतो.

‘कांतारा : चॅप्टर १’ची गोष्ट निराळी. हा २०२२ च्या ‘कांतारा’च्या आधीचा काळ, कदंबांच्या राजवटीतला. जंगलातली माणसं, त्यांचा नायक बर्मे, समोर राजघराणं, आणि मध्ये मसाल्यांचा व्यापार आणि बंदर. किनाऱ्यावरच्या माणसाला ही मांडणी लगेच कळते. माल डोंगरात पिकतो आणि पैसा बंदरात होतो, हे आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. ऋषभ शेट्टीने लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका असं सगळं अंगावर घेतलं आहे. बाजारातला रथाचा प्रसंग आणि शेवटचा अर्धा तास, जिथे दैव अंगात येतं, हे बघताना अंगावर काटा येतो. अरविंद कश्यप यांचा कॅमेरा आणि अजनीश लोकनाथ यांचं संगीत यांनी ते जग उभं केलं आहे. रुक्मिणी वसंतच्या वाट्याला मोठी आणि वळणं घेणारी भूमिका आली आहे, आणि गुलशन देवैयाचा ऐदी राजपुत्र मला फार आवडला.

पण पूर्वार्धातले विनोद पडतात. हिंदी डबिंगमध्ये तर ते ऐकवत नाहीत. चित्रपट कन्नडसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली आणि इंग्रजीत आला, मराठीत आला नाही, त्यामुळे आजीला प्रत्येक प्रसंग समजावून सांगावा लागतो. लांबी पावणेतीन तासांची. घरी बघताना मध्ये जेवण, फोन, मांजर, शेजारी असं सगळं येणार, आणि हा चित्रपट व्यत्यय सहन करत नाही. त्याची ताकद भव्यतेत आहे, आणि दिवाणखान्यातल्या बत्तीस इंची टीव्हीवर ती भव्यता अर्धी होते. ज्यांनी तो चित्रपटगृहात बघितला ते भारावून बोलतात आणि ज्यांनी घरी बघितला ते लांबीची तक्रार करतात. मला दोघांचंही पटतं.

म्हणून माझा सल्ला असा की घरीच बघायचं असेल तर आधी २०२२ चा ‘कांतारा’ बघा. तो लहान जागेत घडतो, एक गाव, एक जमीनदार, एक वनाधिकारी आणि दैवाला दिलेला शब्द. वनखात्याची हद्द आणि गावाची वहिवाट यावरून होणारी भांडणं आपल्याला नवीन नाहीत. त्यातल्या नायकाचं वागणं काही ठिकाणी मला खटकतं, विशेषतः नायिकेशी, पण शेवटची वीस मिनिटं कुठल्याही पडद्यावर तितकीच भिडतात. ऋषभ शेट्टीला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. चॅप्टर १ कथेच्या दृष्टीने आधीचा असला तरी बघण्याच्या क्रमात नंतर ठेवा. दैव काय असतं, पंजुर्ली आणि गुळिग कोण, हे पहिल्यात कळलं की दुसऱ्यातली धामधूम अर्थासकट पोचते.

लहान मुलं असतील तर एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दशावतार बघून आलेलं पोर टॉवेल डोक्याला बांधून संकासुर होऊन घरभर उड्या मारतं आणि आपण टाळ्या वाजवतो. ते नाटक आहे, खेळून बघायचंच असतं. दैवाचं तसं नाही. चॅप्टर १ प्रदर्शित झाल्यावर काही प्रेक्षक चित्रपटगृहांत दैवाची नक्कल करू लागले, तेव्हा निर्मात्या होंबाळे फिल्म्सनेच असं करू नका अशी विनंती केली. तिथल्या लोकांसाठी ती श्रद्धा आहे. आपल्या देवळातल्या अवसाराची कुणी बाजारात नक्कल केली तर आपल्याला कसं वाटेल, एवढंच मुलांना सांगितलं तरी त्यांना कळतं.

काहीजण ‘मुंज्या’बद्दलही विचारतात. आदित्य सरपोतदारांचा हा हिंदी चित्रपट जून २०२४ चा. कोकण, पिंपळ, मुंज, सगळं आहे, सुहास जोशी आजीच्या भूमिकेत झकास आहेत. भीती आणि हसू एकत्र हवं असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी चांगला. पण त्यात कोकण भुताला राहायला जागा म्हणून येतं, त्यापलीकडे फारसं नाही. या दोघांशी त्याची तुलना मी करणार नाही.

तर मग ठरवायचं कसं? आजी-आजोबा, मालवणी, आणि जेवणानंतरचे निवांत अडीच तास असतील तर ‘दशावतार’. उत्तरार्धात कोणी पेंगलं तर पेंगू द्या, पूर्वार्ध मात्र सगळ्यांनी बघा. वाडीत कुणी दशावतारात काम केलेला म्हातारा असेल तर त्यालाही बोलवा. आमच्याकडे मृदुंगाला बसणारे एक काका आले होते, त्यांनी वेशभूषेतल्या चुका काढल्या, तालावर नाराजी दाखवली आणि प्रभावळकर रंगून उभे राहिले की प्रत्येक वेळी पुढे सरकून बसले. तरुण मंडळींचा अड्डा असेल, दिवे बंद करायची तयारी असेल, तर २०२२ चा ‘कांतारा’ आणि दुसऱ्या रात्री चॅप्टर १.

फोनवर बघणाऱ्यांसाठीही सांगतो, कारण गावात बरेचजण तसंच बघतात. ‘दशावतार’चा पूर्वार्ध फोनवर चालतो, चेहरा लहान पडद्यावरही चेहराच राहतो. चॅप्टर १ फोनवर बघू नका, त्यापेक्षा कुणाच्या तरी मोठ्या टीव्हीची वाट बघा. ‘दशावतार’ झी फाइव्हवर आहे, कांतारा दोन्ही प्राइम व्हिडिओवर, फक्त २०२२ चा हिंदीत हवा असेल तर तो नेटफ्लिक्सवर. एकाच ठिकाणचे पैसे भरायचे असतील आणि घरात साठीपुढचं कुणी असेल, तर मी झी फाइव्हचे भरीन.