पोर्कच्या बरगड्या गॅस ग्रिलवर: उघड्या जाळीवर, फॉइलमध्ये की आधी कुकरमध्ये?

कोल्हापुरात मटण घेताना चाप किती आणि सीना किती, हे सांगायची सवय असतेच. पोर्कच्या बरगड्या घेतानाही नेमका हाच फरक लक्षात ठेवायचा. पाठीच्या कण्यालगतची पट्टी म्हणजे चापेच्या बाजूची: हाडं आखूड आणि वाकडी, मांस कमी चरबीचं, साधारण पाऊण ते एक किलोची. पोटाकडची पट्टी म्हणजे सीन्याच्या बाजूची: हाडं लांब आणि चपटी, चरबी व कुर्चा जास्त, सव्वा ते दीड किलोची. आपल्याकडे पहिली ‘बॅक रिब्स’ आणि दुसरी ‘स्पेअर रिब्स’ म्हणून विकतात. माणशी हाडांसकट ४०० ते ५०० ग्रॅम धरा. कोयत्याने तुकडे करायला मात्र ठाम नकार द्या, पट्टी अख्खी हवी. तुकड्यांच्या कापलेल्या कडा जाळीवर वाळून चामड होतात आणि हाडांचा चुरा दाताखाली येतो. फ्रोझन पाकीट असेल तर आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, ओट्यावर नको.

आता पद्धत. बरगडीचं मांस शिजतं लवकर, पण मऊ होतं उशिरा. ६३ अंशाला ते खायला सुरक्षित होतं, पण त्या क्षणी चिवटच असतं. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं आणि ९० ते ९५ पर्यंत पोचल्यावर मांस हाडावरून सुटायला लागतं. या कामाला वेळ लागतो, आच वाढवून तो वाचत नाही. पुढच्या तिन्ही पद्धतींत फरक एवढाच, की हा वेळ कोरड्या हवेत काढायचा, वाफेत काढायचा, की दाबाखाली.

ग्रिल कोणता आहे, त्यावर निम्मा निर्णय होतो

निदान दोन स्वतंत्र बर्नर आणि खोल, नीट बसणारं झाकण असेल तर तिन्ही पर्याय खुले. एकच बर्नर असेल, झाकण नसेल किंवा स्वयंपाकाच्या शेगडीवर ठेवायचा गॅस तंदूर असेल, तर सरळ कुकरच्या पर्यायाकडे जा. तिथे बरगडीखालीच ज्योत असते. वितळलेली चरबी तिच्यावर पडून भडका उडतो आणि आत कच्चं असताना बाहेरून कोळसा होतो.

दोन बर्नरच्या ग्रिलवर एकच पेटवायचा आणि पट्टी न पेटलेल्या बाजूला ठेवायची, हाडांची बाजू खाली. तिच्याखाली चरबी धरायला पाणी घातलेला उथळ ट्रे. झाकणाच्या काट्यावर विसंबू नका, तो वरच्या गरम हवेचं तापमान दाखवतो. जाळीवर, पट्टीच्या शेजारी, एक साधा ओव्हन थर्मामीटर ठेवला की खरा आकडा कळतो. बर्नर किती मंद ठेवायचा ते मांस आणण्याआधी एकदा रिकाम्या ग्रिलवर ठरवून घ्या. गच्चीवर वारा असेल तर तोच बर्नर २० अंश कमी देतो. जूनपासून पुढे तर कोल्हापुरात हा प्रयोग शेडखालीच करायचा, पण तिन्ही बाजूंनी बंद खोलीत कधीही नाही.

पडदा तिन्ही पद्धतींना सारखाच, मसाला कुकरसाठी थोडा वेगळा

हाडांच्या बाजूला पातळ, चकचकीत पडदा असतो. तो राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना प्लॅस्टिकसारखा दातात अडकतो. पट्टीच्या मधल्या हाडावर चमच्याचा मागचा दांडा पडद्याखाली सरकवा, बोट जाईल इतकी जागा झाली की कोरड्या फडक्याने घट्ट धरा आणि आडवं ओढा. ओल्या हाताने निसटतोच. नशीब असेल तर एका झटक्यात निघतो, नाहीतर तीन तुकड्यांत.

दीड किलोला १५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण, दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला. मसाल्यात मीठ असेल तर मीठ तेवढं कमी. फ्रीजमध्ये चार तास ते रात्रभर. मटणाच्या सवयीने कच्ची पपई लावू नका. ती वरचा पातळ थर पिठूळ करते आणि हाडाजवळच्या चिवट भागापर्यंत पोचतच नाही.

पूर्ण वेळ उघड्या जाळीवर

११० ते १२० अंश. बॅक रिब्सना चार ते पाच तास, स्पेअर रिब्सना पाच ते सहा. चव हिचीच सर्वांत खोल: वर गडद, कोरडी साल, आत चावताना थोडा दम धरणारं मांस. धूर द्यायचा असेल तर आंबा किंवा पेरूच्या वाळलेल्या लाकडाच्या मूठभर ढलप्या फॉइलच्या पुडीत बांधा, पुडीला चार-पाच भोकं पाडा आणि पेटत्या बर्नरवर ठेवा. पहिल्या तासातच ठेवा, कारण गार आणि ओलसर मांसालाच धूर नीट धरतो. गुऱ्हाळात चुलाण धडधडतं ते चिपाडावर, पण इथे चिपाड नको. ते भसकन पेटतं आणि धूर देण्याआधी राख होतं.

हिचा दोष म्हणजे मधेच अडकणं. आतलं तापमान ६५-७० च्या आसपास आलं की तासभर हलत नाही, कारण वरून उडणारी वाफ मांसाला गार करत राहते. इथेच लोक घाबरून आच वाढवतात आणि कडा करपवतात. दुसरा दोष झाकणाचा: दर दहा मिनिटांनी उघडून बघितलं तर पाच तासांचे सात होतात. गॅस फार जात नाही, एक मंद बर्नर चालला तर साधारण अर्धा ते पाऊण किलो. पण टाकी संपत आली आहे का, ते आधी हलवून बघा.

फॉइलमध्ये गुंडाळून

ज्याच्याकडे झाकणाचा ग्रिल आहे आणि जो पहिल्यांदाच करतोय, त्याने हीच निवडावी. १३५ अंशांवर पाऊण तास उघडी (धूर याच वेळात), मग दुहेरी फॉइलमध्ये गुंडाळून सव्वा ते दोन तास, शेवटी पाकासाठी उघडी १५-२० मिनिटं. फॉइलमध्ये वाफ कोंडली की ते अडकणं संपतं, म्हणून वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो.

गुंडाळताना आत तीन मोठे चमचे पाणी आणि एक चमचा चिंचेचा कोळ घाला, त्याहून जास्त नको. पाण्यात पोहायला लागली की ती उकडलेली बरगडी. मांसाची बाजू खाली. घरगुती फॉइल पातळ असते आणि हाडांची टोकं तिला भोसकतात. रस गळून गेला की आत वाफच राहत नाही. म्हणून हाडांच्या टोकांवर फॉइलची आणखी एक घडी ठेवा. बॅक रिब्स सव्वा तासाला तपासा. दोन तास ठेवल्या तर त्या जाळीवर उचलताना हाडांवरून घरंगळतात, आणि ‘लय मऊ’ म्हणून कौतुक झालं तरी ती चूकच असते.

आधी कुकर, मग ग्रिल

गार करायचा वेळ सोडला तर एकूण सव्वा तास, आणि पाहुणे आठ असतील तर हाच मार्ग. पट्टीचे तीन-तीन हाडांचे भाग करा, कुकरमध्ये उभे ठेवा, दीड वाटी पाणी. इथे मसाला आधी लावू नका, तो सगळा पाण्यात जातो. फक्त मीठ, हळद, आलं-लसूण. एका शिट्टीनंतर मंद आचेवर बॅक रिब्स १२ ते १५ मिनिटं, स्पेअर १८ ते २०. कुकरमध्ये तापमान १२० च्या आसपास जातं, त्यामुळे पाच मिनिटं जास्त झाली तरी हाड हातात आणि मांस तळाला. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस कोरडं पडतं.

गरम तुकडे जाळीवर टाकले की मोडतात. पूर्ण गार करा, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये, मग मसाला लावून तेज आचेवर आठ-दहा मिनिटं. हवं तर दोन दिवसांत विभागता येणारं काम, हा हिचा मोठा फायदा. उरलेली अळणी, म्हणजे मांस शिजलेलं पाणी, गार झाल्यावर वरची चरबीची साय काढून पुलावाला वापरा. धुराची चव मात्र या पद्धतीत येत नाही. उकडलेलं मांस आठ-दहा मिनिटांत फारसा धूर घेत नाही, खरपूसपणावरच भागवावं लागतं.

पाक आणि शेवट

दीड किलोला १०० ग्रॅम गूळ, पाव वाटी पाणी, दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ, एक चमचा कांदा-लसूण मसाला. एकतारीच्या अलीकडे उतरवा. दोनतारी झाला तर जाळीवर त्याची चिक्की होते. गूळ लवकर करपतो, म्हणून मंद बाजूवर शेवटच्या १५-२० मिनिटांत दोनदा पुसट हात, आणि तेज आचेवर असाल तर फक्त शेवटची तीन मिनिटं. सुरुवातीलाच गूळ लावणं, ही गॅस ग्रिलवरची सर्वांत नेहमीची चूक.

झालं का ते बघायला थर्मामीटर हाडाला टेकून फसवतो. अख्खी पट्टी असेल तर एका टोकाकडून चिमट्यात धरून उचला: ती कमानीसारखी वाकली आणि वरच्या सालीला चीर गेली, की तयार. ताठ राहिली तर अजून २० मिनिटं. तुकड्यांना दोन हाडांच्या मधे टूथपिक टोचून बघा, लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. दहा मिनिटं झाकून ठेवा आणि कापताना पट्टी उलटी करा, हाडांची बाजू वर. वरून हाडं वाकडी जातात ते दिसत नाही आणि सुरी हाडावर आपटते.