शाळेसाठी घेतलेला विद्यार्थी सूक्ष्मदर्शक: पेशीतले काय दिसते, काय दिसत नाही

परभणी जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेसाठी छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून साडेसात हजार रुपयांना एक संयुक्त सूक्ष्मदर्शक आणि तयार स्लाइडची एक पेटी घेतली. अंबाल्याच्या कारखान्यांतून देशभर जातो तसलाच हा विद्यार्थी नमुना आहे: ओतीव धातूचे अंग, एकच नेत्रिका, फिरत्या तबकडीवर ४, १०, ४० आणि १०० पटीची पदार्थभिंगे, मंचाखाली प्रकाश एकवटणारा कंडेन्सर आणि त्याखाली चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालणारा एलईडी. आठवी ते दहावीच्या मुलांना पेशीची रचना आणि तिचे कार्य प्रत्यक्ष दाखवणे एवढ्याच हेतूने ही खरेदी केली असल्यामुळे हे परीक्षणही त्याच कसोटीवर लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. १० आणि ४० पटीच्या भिंगांसाठी पैसे पूर्ण वसूल होतात. १०० पटीचे भिंग आणि सोबत मिळणारी २५ पटीची नेत्रिका यांचा उपयोग खोक्यावरचा आकडा फुगवण्यापलीकडे फारसा नाही.

त्या आकड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पालक आणि शाळा दोघेही तोच पाहून खरेदी करतात. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२५०० पट’ असे छापलेले आहे आणि २५ गुणिले १०० हा हिशेब म्हणून ते खोटेही नाही. मात्र सूक्ष्मदर्शकाची खरी ताकद किती मोठे दिसते यावर ठरत नसून, जवळजवळचे दोन बिंदू कुठवर वेगळे ओळखता येतात यावर ठरते, आणि ती मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्येच मांडून ठेवली आहे. आमच्या ४० पटीच्या भिंगाच्या नळीवर ‘४०/०.६५’ असे कोरलेले आहे, त्यातील ०.६५ हा आकडा भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते हे सांगतो आणि त्यावरून हे भिंग साधारण ०.४ मायक्रोमीटरपर्यंतचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर वेगळे दाखवू शकते असा हिशेब निघतो. कोरलेल्या आकड्याच्या हजारपट, म्हणजे इथे साधारण ६५० पट, ही उपयुक्त विशालनाची कमाल मर्यादा समजली जाते. त्यापुढे २५ पटीची नेत्रिका लावून १००० पट केले, तर ते मोबाइलवरचा अस्पष्ट फोटो बोटांनी ताणून पाहण्यासारखे होते: चित्र मोठे होते, पण तपशील वाढत नाही.

पेशीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाव मिलिमीटर किंवा त्याहून लांब असते, केंद्रक काही मायक्रोमीटर व्यासाचे असते, हरितलवक सुमारे ५ मायक्रोमीटरचे असते. हे सगळे या यंत्रातून स्वच्छ दिसते. तंतुकणिका जेमतेम अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद आणि वर रंगहीन, त्यामुळे ती विशेष रंजकाशिवाय हाती लागत नाही. पेशीपटल ७ ते ८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) जाडीचे आणि प्रथिने बनवणारे रायबोझोम सुमारे २५ नॅनोमीटरचे. प्रकाशावर चालणारा कोणताही साधा सूक्ष्मदर्शक, मग तो लाख रुपयांचा का असेना, हे दाखवू शकत नाही. पाठ्यपुस्तकातील आंतर्द्रव्यजालिकेची आणि रायबोझोमची बारीक चित्रे १९३१ मध्ये सुरू झालेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या वाटेने आलेली आहेत. दुकानातील विक्रेत्याने मात्र ‘सर, यातून डीएनएसुद्धा दिसतो’ असे ठामपणे सांगितले. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रुंदी २ नॅनोमीटर असते. विभाजनाच्या वेळी घट्ट गुंडाळलेली गुणसूत्रे दिसतात, हे खरे. विक्रेत्याला तेच म्हणायचे होते असे समजून मी पुढे गेलो.

कांद्याचा पापुद्रा सगळेच पाहतात, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. सॅफ्रॅनिन या लाल रंजकाचा एक थेंब टाकला की पेशीभित्तिकांची जाळी आणि प्रत्येक पेशीत कडेला सरकलेले केंद्रक उठून दिसते. ते कडेला असते, कारण मधली बहुतेक जागा एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते आणि पेशीद्रव्याचा पातळ थर भिंतीलगत दाबलेला असतो. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या आणि केंद्रकाला त्याचे स्थान १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी मिळवून दिले. हा फरक मुलांना दाखवायला या यंत्राचे १० पटीचे भिंग पुरेसे आहे. इथे एक तक्रार नोंदवतो. सोबत दिलेल्या आच्छादक काचा प्रत्यक्षात प्लास्टिकच्या, जाड आणि किंचित वाकलेल्या होत्या. पदार्थभिंगावर ‘०.१७’ असेही कोरलेले असते. ती आच्छादक काचेची मिलिमीटरमधील अपेक्षित जाडी होय. जाड प्लास्टिकखाली ४० पटीचे चित्र दुधाळ येते. काचेच्या पातळ काचांची डबी वेगळी विकत घेतल्यावर त्याच भिंगाने केंद्रकातील केंद्रकीही दाखवली.

या यंत्राची खरी कसोटी रंजकाशिवायच्या जिवंत पेशींवर लागते आणि तिथे ते अपेक्षेपेक्षा सरस ठरले. कुंपणालगत शोभेसाठी लावतात त्या ऱ्होइओच्या पानाची खालची जांभळी साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवली, तर काठोकाठ जांभळ्या भरलेल्या षटकोनी पेशी आणि मधूनमधून पर्णरंध्रांच्या कडेच्या हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या दिसतात. जांभळा रंग रिक्तिकेतील रसाचा असतो. आता आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यावे. बघता बघता जांभळा भाग भिंतीपासून सुटू लागतो, आधी कोपऱ्यांतून, मग सगळीकडून, आणि शेवटी रंगहीन चौकटीत एक गोळा उरतो. पेशीपटल भिंतीपासून वेगळे झालेले मुलांना याच वेळी कळते. पटल स्वतः दिसत नाही, पण त्याची कड रंगामुळे दिसते. परत साधे पाणी सोडले की बहुतेक पेशी पुन्हा भरतात. रससंकोच आणि परासरण हे शब्द फळ्यावर लिहून जे पोहोचत नाही ते इथे मिनिटभरात पोहोचते. वर्गातील शेतकऱ्यांच्या मुलांनी लगेच विचारले, युरिया जास्त पडला की रोप करपते ते असेच का? मुळांभोवतीचे द्रावण पेशीतील रसापेक्षा तीव्र झाले की पाणी बाहेर ओढले जाते, हे त्याचे एक प्रमुख कारण आहेच. खारवट जमिनीत ओल असूनही पीक तहानते, त्यातही हे कारण असते.

हायड्रिलाचे पान याहून सोपे. आमच्याकडे ही वनस्पती कालव्याच्या चारीत संथ पाण्यात मिळते. तिचे पान जेमतेम दोन पेशींच्या थराचे असल्यामुळे कापावे लागत नाही. अख्खे पान पाण्यात ठेवायचे आणि मध्यशिरेजवळच्या लांबट पेशींवर नजर लावायची. थोड्या वेळाने हरितलवके भिंतीच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतात. ती स्वतः पोहत नाहीत. अॅक्टिनच्या तंतूंवरून मायोसिन हे प्रथिन पेशीद्रव्याला पुढे ओढते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून येते, आणि तो बनवण्याचे काम मुख्यतः तंतुकणिका करतात. ज्या तंतुकणिका दिसत नाहीत असे वर म्हटले, त्यांचे काम या हालचालीत दिसते. एलईडी गरम होत नसल्यामुळे पेशी बराच वेळ जिवंत राहतात, हा जुन्या बल्बच्या यंत्रांवरचा मोठा फायदा आहे. कंडेन्सरखालचा, प्रकाश कमी-जास्त करणारा डायफ्रॅम अर्धा बंद केला तर रंगहीन भागही उठून दिसतो. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि सोबतच्या पत्रकातही लिहिलेले नाही.

मराठवाड्यातील शाळेने पेशी शिकवण्यासाठी परप्रांतीय नमुन्यांची वाट पाहण्याचे कारण नाही, हे कापसाच्या धाग्याने सिद्ध केले. सरकीवरचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी असते. बियाण्याच्या बाह्य आवरणातील एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास बाहेर वाढू लागते, अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत लांबते, मग आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि बोंड फुटताना मरते. वाळल्यावर आतली पोकळी बसते आणि धाग्याला पीळ पडतो. १० पटीच्या भिंगाखाली हे पीळ स्पष्ट दिसतात. ४० पटीला मधल्या पोकळीची रेषाही दिसते. पक्व बोंडाचा आणि कवडीचा (नीट न पिकलेल्या बोंडातील हलक्या कापसाचा) धागा शेजारी ठेवले, तर कवडीचा धागा पातळ भिंतीचा, चपटा आणि जवळपास बिनपिळाचा दिसतो, आणि कापूस खरेदी केंद्रावर कवडीला भाव का मिळत नाही याचे अर्धे उत्तर त्या काचपट्टीवर मिळते.

ज्वारीच्या पानाला मात्र हात बसवावा लागला. गाजराच्या खापेत पान धरून नव्या ब्लेडने आडवे पातळ काप घ्यावे लागतात. चांगला काप मिळाला की शिरांभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींची कडी दिसते. ज्वारी कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत पकडते आणि मग या कडीतील पेशींत नेऊन तिथे साखर बनवते. त्यामुळे पर्णरंध्रे फार उघडी न ठेवताही तिचे भागते आणि कोरडवाहू रानात ती तग धरते. रंध्रेही पाहण्यासारखी आहेत. तुरीच्या पानावर रक्षक पेशी मूत्रपिंडाच्या आकाराच्या असतात, ज्वारीवर डंबेलच्या आकाराच्या आणि सरळ रांगेत. रक्षक पेशींत पोटॅशियमची आयने शिरली की मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगतात आणि छिद्र उघडते. सकाळी तोडलेले आणि भर दुपारी तोडलेले पान यांतील फरक आमच्या मुलांनी स्वतः मोजून पाहिला.

स्लाइडच्या पेटीबद्दल मत संमिश्र आहे. कांद्याच्या मूलाग्राची स्लाइड उत्तम आहे. सूत्री विभाजनाच्या सर्व अवस्था सापडतात आणि कांद्याची १६ गुणसूत्रे मोजण्याइतकी नसली तरी वेगवेगळी दिसतात. माणसाच्या आणि बेडकाच्या रक्ताच्या स्लाइड शेजारी ठेवून पाहाव्यात: आपल्या लाल पेशींत केंद्रक नाही, बेडकाच्या पेशींत आहे. पट्टकी स्नायूचे आडवे पट्टेही स्वच्छ आहेत. ‘मायटोकॉन्ड्रिया’, म्हणजे तंतुकणिका, असे लेबल असलेली स्लाइड मात्र निव्वळ गुलाबी डाग आहे. तिच्यात ना ठिपके दिसतात ना तंतू, आणि अशी वस्तू शाळेच्या पेटीत घालणे मला तरी अप्रामाणिक वाटते. काही स्लाइडमध्ये काच चिकटवणाऱ्या बाल्समचे बुडबुडे अडकले आहेत. मुले त्यांचीच चित्रे वहीत ‘पेशी’ म्हणून काढतात.

यंत्राच्या बांधणीत दोन उणिवा आहेत. मंच यांत्रिक नाही, साध्या क्लिपा आहेत, त्यामुळे ४० पटीला नमुना बोटाने सरकवताना हमखास निसटतो. बारीक फिरकी काही काळाने सैल झाली आणि चित्र आपोआप खाली उतरू लागले. दुकानदाराने वॉरंटीत ती घट्ट करून दिली, पण यंत्र नेण्या-आणण्याचा खर्च आमचाच. बॅटरीबद्दल तक्रार नाही. भारनियमनातही तास पूर्ण होतो. एप्रिल-मे महिन्यांत काचपट्टीवरचे पाणी झपाट्याने उडते, तेव्हा कडेला पाणी सोडत राहावे लागते आणि काळ्या मातीची धूळ भिंगावर बसू नये म्हणून आवरण कायम घालावे लागते.

घरी एकट्या मुलासाठी काही हवे असेल आणि बजेट कमी असेल, तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये पुढे आणलेला कागदी घडीचा फोल्डस्कोप हा वेगळा पर्याय आहे. त्याचे विशालन सुमारे १४० पट असते आणि कांद्याच्या पेशी, परागकण त्यात छान दिसतात. वर्गासाठी मात्र असा धातूचा सूक्ष्मदर्शकच घ्यावा. घेताना खोक्यावरचा आकडा न विचारता ४० पटीच्या भिंगावर ०.६५ कोरलेले आहे का ते पाहावे, ते भिंग स्प्रिंगचे आहे का हे टोकाला बोट लावून तपासावे (नसेल तर पहिल्याच महिन्यात काचपट्टी फुटते), डायफ्रॅम उघडमीट होतो का ते पाहावे आणि दुकानातच कांद्याचा पापुद्रा लावून दाखवायला सांगावे. २५ पटीची नेत्रिका परत करून तिच्या बदल्यात काचेच्या आच्छादक काचा आणि सॅफ्रॅनिनची बाटली मागितली, तर दुकानदार थोडी कुरकुर करून देतो.